न्यूट्रल शोधताना: जुन्या गाडीत नवा शिफ्टर बसवण्याचा अनुभव

माझ्याकडे १९६६ सालची शेव्हरोले शेव्हेल आहे आणि तिला चार गिअरांचा मन्सी गिअरबॉक्स आहे. गाडी हाती आली तेव्हा तिचा गिअरचा दांडा न्यूट्रलमध्ये डावीउजवीकडे इतका हलत असे की आपण पहिल्या-दुसऱ्याच्या वाटेत आहोत की तिसऱ्या-चौथ्याच्या, हे हाताला कळायचेच नाही. दुसऱ्यातून तिसऱ्यात जाताना अंधारात दाराची कडी चाचपडावी तसे चाचपडावे लागे, आणि घाई केली की दांडा मधेच कुठेतरी अडकून बसे. गिअरबॉक्स खराब झाला आहे असे पाहणारा प्रत्येक जण सांगत होता. मलाही बरेच दिवस तसेच वाटत होते.

गाडी चार घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर, उचलून खाली शिरलो तेव्हा वेगळेच चित्र दिसले. या गाडीत दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत तीन रॉड जातात: एक पहिल्या-दुसऱ्याचा, एक तिसऱ्या-चौथ्याचा आणि एक रिव्हर्सचा. रॉडच्या टोकांचे बुश, म्हणजे सांध्यातल्या पुंगळ्या, झिजून गेले होते, शिफ्टरच्या (दांडा ज्यावर बसतो त्या यंत्रणेच्या) लिव्हरमधली गोल भोके लांबट अंडाकृती झाली होती, आणि एका टोकाची स्प्रिंग क्लिप पडल्यावर आधीच्या कोणीतरी तिथे चक्क तार पिळून ठेवली होती. प्रत्येक सांध्यात अर्धा-एक मिलिमीटर ढिलेपणा असला, तरी दांड्याच्या लांबीमुळे तो वर मुठीशी कितीतरी पटींनी मोठा होतो. नुसते बुश बदलून भागले असते का, याचा मी विचार केला. पण भोकेच मोठी झाल्यावर नवा बुश त्यात घट्ट बसणार नव्हता. तेव्हा संपूर्ण शिफ्टरच बदलायचे ठरवले.

असा शिफ्टर मागवताना गाडीचे नाव सांगून पुरत नाही, गिअरबॉक्स कोणता आहे हे नक्की ठाऊक असावे लागते, कारण शिफ्टर जोडायची पट्टी, रॉडची लांबी आणि आर्मचा (रॉड जिला जोडला जातो त्या गिअरबॉक्सवरच्या भुजेचा) आकार त्यावर ठरतो. साठ वर्षांच्या गाडीत मूळचाच गिअरबॉक्स असेल असे गृहीत धरण्यात अर्थ नसतो. सुदैवाने ओळख बाहेरूनच पटते. मन्सीच्या साइड कव्हरला सात बोल्ट असतात आणि त्या कव्हरवर दोनच आर्म असतात. रिव्हर्सचा आर्म मागे टेल हाउसिंगवर, म्हणजे गिअरबॉक्सच्या शेपटाच्या भागावर असतो. सॅगिनॉ गिअरबॉक्सच्या कव्हरलाही सातच बोल्ट असतात, पण त्याचे तिन्ही आर्म कव्हरवरच असतात. बोर्ग-वॉर्नर टी-१० च्या कव्हरला नऊ बोल्ट असतात. मी आधी फक्त बोल्ट मोजून मोकळा झालो होतो. रिव्हर्सचा आर्म कुठे आहे हे पाहायचे नंतर सुचले. मन्सीतही एक भेद पाहावा लागतो. १९६८ पर्यंतच्या गिअरबॉक्सांत आर्म ज्या शाफ्टवर बसतो त्याच्या टोकाला स्टड असतो आणि आर्म नटाने आवळला जातो. १९६९ पासून शाफ्टमध्येच आटे पाडलेले असून आर्म बोल्टने बसतो. माझा स्टडवाला होता. तो एम २० आहे की एम २१, म्हणजे पहिल्या गिअरचे गुणोत्तर २.५२ आहे की २.२०, याने शिफ्टरच्या दृष्टीने काही फरक पडत नाही, कारण फरक आतल्या दात्यांचा आहे आणि बाहेरची ठेवण सारखीच आहे. चर्चा मात्र नेहमी त्याचीच जास्त होते.

मी हर्स्टचा कॉम्पिटिशन प्लस हा शिफ्टर निवडला. जॉर्ज हर्स्ट यांनी बिल कॅम्पबेल यांच्यासह उभी केलेली ही कंपनी साठच्या दशकात जोरात गिअर बदलणाऱ्या शर्यतवाल्यांमुळे नावारूपाला आली, आणि पॉन्टिअक या मोटार कंपनीने १९६४ च्या जीटीओ गाडीमध्ये तिचा शिफ्टर थेट कारखान्यातूनच बसवून दिला. मला शर्यत लावायची नव्हती. पण या शिफ्टरमध्ये दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांच्यामुळे बसवणाऱ्याला अंदाजाने काम करावे लागत नाही: न्यूट्रल पक्के करणारे भोक आणि दांड्याची चाल रोखणारे दोन स्टॉप बोल्ट. पुढे माझ्या हातून ज्या दोन चुका झाल्या, त्या नेमक्या या दोन गोष्टींबाबतच झाल्या.

जुना शिफ्टर काढायला दोन तास लागले. आतून गालिचा बाजूला करून दांड्याच्या बुडाशी असलेल्या रबरी बूटभोवतीची रिंग सोडवली, खालून क्लिपा काढून रॉड मोकळे केले आणि शिफ्टर पट्टीसकट उतरवला. मग गिअरबॉक्सवरचे आर्म काढायचे होते. काढण्यापूर्वी प्रत्येक आर्मचा फोटो काढून ठेवला, कारण शाफ्टच्या टोकाला दोन सपाट बाजू असतात आणि त्यावर आर्म सुलटा जितका सहज बसतो तितकाच उलटाही बसतो. वर तोंड असायला हवा तो आर्म खाली तोंड करून बसला की रॉड तोच राहतो, पण चाल नेमकी उलट होते. नट सोडवताना आणि आवळताना आर्म दुसऱ्या पान्याने धरून ठेवावा लागतो. तसे न करता नट आवळत गेलो, तर आर्म आपल्या चालीच्या टोकाला जाऊन थांबतो आणि पुढचा सगळा जोर गिअरबॉक्सच्या आतल्या फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर पडतो.

नवी पट्टी टेल हाउसिंगवर बसली आणि पट्टीवर शिफ्टर. शिफ्टर गाडीच्या पत्र्याला कुठेही जोडलेला नसतो, याचे कारण इंजिन सुरू असताना पाहिले की लगेच समजते. थ्रॉटल दिला की इंजिन आणि त्याला जोडलेला गिअरबॉक्स आपल्या माउंटवर किंचित कलतात. शिफ्टर त्यांच्याबरोबर कलला तरच रॉडची लांबी बिघडत नाही. पण त्याचा अर्थ असाही होतो की पत्र्यातल्या भोकात दांड्याला चारही बाजूंनी जागा हवी. माझ्या गाडीत रिव्हर्सच्या वेळी दांडा भोकाच्या डाव्या कडेला घासत होता. ती कड मी कानशीने थोडी मागे घेतली आणि तिथे रंग लावला. हे काम बूट बसवण्याआधी केले तर पंधरा मिनिटांचे असते.

आता मुख्य काम. या शिफ्टरच्या खालच्या भागात आरपार एक भोक असते. तिन्ही लिव्हर न्यूट्रलमध्ये एका रेषेत आल्या की त्या भोकातून पाव इंच जाडीची खुंटी सरळ पलीकडे जाते. मी त्यासाठी पाव इंची ड्रिल बिटचा मागचा गुळगुळीत भाग वापरला. खुंटी आत असेपर्यंत शिफ्टर न्यूट्रलमध्ये गोठलेला असतो. मग गिअरबॉक्सवरचे तिन्ही आर्मही न्यूट्रलमध्ये आणायचे आणि रॉडच्या टोकाच्या आट्यांवरचे बटण फिरवून रॉडची लांबी अशी जुळवायची की बटणाची खुंटी लिव्हरच्या बुशमध्ये आपोआप जाईल. तत्त्व इतके सोपे आहे की ते वाचून मी सूचनापत्रक बाजूला ठेवले.

पहिल्या-दुसऱ्याच्या आर्मला तीन जागा असतात: एका टोकाला पहिला, दुसऱ्या टोकाला दुसरा आणि मधोमध न्यूट्रल. आर्म हाताने हलवला की प्रत्येक जागी आतला स्प्रिंगने दाबलेला कॅम खाचेत बसल्याची टचकन जाणीव होते. मी आर्म हलवला, टचकन लागले, आणि ते न्यूट्रल आहे असे मी ठरवून टाकले. प्रत्यक्षात तो दुसऱ्यात गेला होता. तिन्ही जागा मोजायच्या होत्या, मी एकच मोजली होती. मग रॉड जुळवताना बटण आट्यांवर अपेक्षेपेक्षा बरेच जास्त फिरवावे लागले, तेव्हा तरी शंका यायला हवी होती. रॉडची ठेवण अशीच असेल, असे म्हणून मी पुढे गेलो.

सगळे जोडून झाल्यावर एका मित्राला आत बसवले.

"अरे, दांडा तिसऱ्यात टाक बघू," मी खालून म्हणालो.

"जातच नाही. भिंतीला लागल्यासारखा थांबतोय."

"मग पहिल्यात?"

"पहिल्यात गेला." तो क्षणभर थांबला. "पण आता मागे दुसऱ्याकडे न्यूट्रलच्या पुढे सरकतच नाहीये."

मी गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. मित्राच्या सांगण्यानुसार दांडा पहिल्यात होता, क्लचवर पाय नव्हता, तरी शाफ्ट मोकळा फिरत होता. मग मित्राने दांडा न्यूट्रलमध्ये आणला आणि शाफ्ट जागच्या जागी थिजला. तेव्हा कोडे सुटले. दांड्याच्या न्यूट्रलला गिअरबॉक्स दुसऱ्यात होता आणि दांड्याच्या पहिल्याला गिअरबॉक्स न्यूट्रलमध्ये. तिसरा पडत नव्हता हे उलट गिअरबॉक्स धडधाकट असल्याचे लक्षण होते. मन्सीच्या साइड कव्हरमध्ये अशी व्यवस्था असते की पहिल्या-दुसऱ्यापैकी एखादा गिअर पडलेला असताना तिसरा-चौथा पडू नये. तसे झाले असते तर दोन गिअर एकदम अडकून सगळे दाते जाम झाले असते. रिव्हर्सला मात्र या आतल्या व्यवस्थेचे संरक्षण नाही. तो पुढच्या एखाद्या गिअरबरोबर पडू नये याची काळजी शिफ्टरलाच घ्यावी लागते, म्हणून रिव्हर्सचा रॉड चुकीचा जुळवणे हे इतर दोन रॉडपेक्षा महागात पडू शकते.

मी तिन्ही रॉड पुन्हा सोडवले. या वेळी पुढच्या गिअरांचा प्रत्येक आर्म एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेऊन जागा मोजल्या: एक, दोन, तीन, मग मधल्या जागी परत. रिव्हर्सच्या आर्मला न्यूट्रल आणि रिव्हर्स अशा दोनच जागा असतात, तोही न्यूट्रलला आणला. तिन्ही झाल्यावर प्रॉपेलर शाफ्ट फिरवून तो मोकळा असल्याची खात्री केली आणि मगच खुंटी घातली. माझ्या संचात बटणाचे तोंड नेहमी लिव्हरकडेच असावे लागत होते, म्हणून बटण अर्धी फेरी फिरवून चालत नव्हते; एक पूर्ण फेरी हेच सर्वांत लहान माप होते. एका फेरीने बटण थोडे अलीकडे राही आणि पुढच्या फेरीने किंचित पलीकडे. अशा वेळी रॉडला हाताने जरा दाब देऊन बटण बसवून टाकण्याचा मोह होतो. मी तसे केले, क्लिप लावली आणि खुंटी बाहेर ओढायला गेलो, तर ती पकडल्यासारखी घट्ट झाली होती. म्हणजे रॉड लिव्हरला एका बाजूला खेचत होता. शेवटी गिअरबॉक्सच्या बाजूचा आर्म त्याच्या खाचेत नीट मधोमध आहे का हे पाहिले. तो केसभर पुढे राहिला होता. तो बसवल्यावर बटण कोणताही जोर न लावता, स्वतःच्या वजनाने बुशमध्ये उतरले. खुंटी दोन बोटांत धरून आतबाहेर केली, ती तेलातून सरकावी तशी सरकली. मग चारही गिअर आणि रिव्हर्स पाच-सहा वेळा टाकून पुन्हा न्यूट्रलला येऊन खुंटी घातली. अजूनही तशीच सहज. ही दुसरी तपासणी मला पहिलीपेक्षा महत्त्वाची वाटते, कारण एखादा बुश पूर्ण बसला नसेल तर तो गिअर टाकताना बसतो आणि जुळणी हलते.

स्टॉप बोल्टचे काम त्या मानाने किरकोळ दिसते. गिअर पूर्ण पडल्यानंतरही चालवणाऱ्याचा हात दांडा ढकलत राहतो, आणि तो जोर रॉडमार्गे आत फोर्कवर आणि सिंक्रोनायझरवर (दाते जुळण्याआधी त्यांचा वेग सारखा करणाऱ्या भागावर) जातो. शिफ्टरच्या पुढे आणि मागे असलेले हे बोल्ट दांड्याला त्या जागी अडवतात, म्हणजे हाताचा जोर बोल्ट सोसतो आणि गिअरबॉक्स वाचतो. पद्धत अशी की आधी दोन्ही बोल्ट भरपूर बाहेर घ्यायचे, दांडा तिसऱ्यात दाबून धरायचा, बोल्ट टेकेपर्यंत आत घ्यायचा, सूचनेप्रमाणे शेवटची जुळणी करून लॉकनट आवळायचा. मग चौथ्यासाठी दुसऱ्या बोल्टचे तेच. संध्याकाळ झाली होती, मित्र घरी गेला होता, दांडा धरायला कोणी नव्हते. मी दांडा चौथ्यात टाकून सोडून दिला, खाली गेलो आणि बोल्ट टेकवला. वर जरा जास्तच आवळला, कारण गिअरबॉक्सची काळजी घेण्यात कसूर नको असे वाटत होते.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पहिले तीन गिअर असे पडले की मला स्वतःचा अभिमान वाटू लागला. चौथाही पडला. उतारावर थ्रॉटल सोडला आणि दांडा आपणहून न्यूट्रलमध्ये येऊन उभा राहिला. पुन्हा चौथा टाकला, पुन्हा थ्रॉटल सोडला, पुन्हा तेच. गिअर सुटणे हे गिअरबॉक्स झिजल्याचे नेहमी सांगितले जाणारे लक्षण आहे, त्यामुळे परत येताना मी मनातल्या मनात साइड कव्हर उघडून फोर्क आणि सिंक्रोनायझर बदलायची तयारीही करून टाकली.

कव्हर उघडण्याआधी एक साधी गोष्ट करून पाहिली. दांडा चौथ्यात ठेवून आर्मच्या टोकाशी कव्हरवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ मारली. मग तिसऱ्या-चौथ्याच्या रॉडची क्लिप काढून रॉड लिव्हरपासून सुटा केला आणि आर्म नुसत्या हाताने त्याच दिशेने ढकलला. तो आणखी दोनएक मिलिमीटर सरकला आणि आतला कॅम खाचेत पडल्याचा स्पष्ट आवाज आला. म्हणजे आदल्या दिवशी मी आवळलेला बोल्ट दांड्याला गिअर पूर्ण पडण्याआधीच अडवत होता. आतला सरकणारा स्लीव्ह दात्यांवर अर्धवटच चढत होता. थ्रॉटल दाबलेला असताना भारामुळे तो तिथे टिकून राही, पण थ्रॉटल सोडून भाराची दिशा उलटली की अर्धवट धरलेले दाते त्याला बाहेर ढकलून देत. ज्या बोल्टने गिअरबॉक्स वाचवायचा, त्यानेच मी त्याचे दाते झिजवू लागलो होतो.

मित्राला पुन्हा बोलावले. त्याने दांडा तिसऱ्यात, मग चौथ्यात घट्ट दाबून धरला, मी सूचनापत्रक या वेळी छातीवर उघडे ठेवून त्यातल्या क्रमाने बोल्ट जुळवले, आणि लॉकनट आवळताना बोल्ट सोबत फिरू नये म्हणून त्याचे डोके दुसऱ्या पान्याने धरले. नंतर रॉड सुटा करून आर्मची जागा रंगाच्या रेघेशी ताडून पाहिली. आता हाताने ढकलून तो अजिबात पुढे जात नव्हता.

रिव्हर्सची तक्रार उरली होती. टाकताना करकर आवाज येई. यात शिफ्टरचा दोष नव्हता. मन्सीचे चारही पुढचे गिअर सिंक्रोनाइज्ड आहेत, रिव्हर्स नाही, त्यामुळे क्लच दाबल्यावर आतले दाते फिरायचे थांबेपर्यंत वाट पाहावी लागते किंवा आधी पहिला गिअर टाकून त्यांना थांबवावे लागते. तरीही करकर जास्त वाटली म्हणून क्लच पेडलचा मोकळा खेळ मोजला. तो फार वाढला होता, म्हणजे क्लच पूर्ण सुटतच नव्हता. एक इंचाच्या आसपास आणल्यावर रिव्हर्स मुकाट्याने पडू लागला. त्याच वेळी गिअरबॉक्सचे तेल बदलून जीएल-४ प्रतीचे ८० डब्ल्यू-९० घातले. जीएल-५ मधली जास्त दाबासाठीची रसायने पितळी सिंक्रो रिंगांना मानवत नाहीत, म्हणून जुन्या गिअरबॉक्सात मी ते टाळतो.

मी बसवलेल्या पोलादी बुशांबद्दल एक सांगायला हवे. नायलॉनचे बुश आवाज गिळतात आणि लवकर झिजतात. पोलादी बुश टिकतात, दांड्याची चाल काटेकोर ठेवतात आणि गाडीच्या पोटातली प्रत्येक कुरबूर हातापर्यंत पोहोचवतात. माझ्या गाडीत दुसऱ्या गिअरवर थ्रॉटल सोडला की दांड्यात बारीक झिणझिण येते. सोबत बसणाऱ्यांना ती खटकते. मला ती आवडते असे म्हणणार नाही, पण पुन्हा निवडायची वेळ आली तरी पोलादीच निवडेन.

तीनशे किलोमीटर झाल्यावर गाडी पुन्हा उचलली. स्टॉप बोल्ट, पट्टीचे बोल्ट आणि रॉडच्या क्लिपा जागच्या जागी होत्या, कारण सगळ्यांवर रंगाचा ठिपका दिला होता आणि कुठलाही ठिपका तुटला नव्हता. ढिले झाले होते ते शिफ्टरला दांडा जोडणारे दोन बोल्ट, ज्यांच्यावर मी ठिपका दिलाच नव्हता. ते लॉक वॉशर घालून पुन्हा आवळले. मूठ मात्र अजून मनासारखी झालेली नाही. आटे संपतात तिथे तिच्यावरचा गिअरांचा नकाशा थोडा डावीकडे झुकलेला राहतो, आणि सरळ करायला गेलो की मूठ ढिली राहते. खाली घालायला एक पातळ लॉकनट आणून ठेवला आहे.